ब्रेक पॅड: कंपनीचे ओरिजिनल की बाहेरचे? (आणि डिस्क खरंच बदलायला हवी का?)

कोथरूडचा_कूर्म
शुक्रवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. गाडी २०१७ची पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम, ६८ हजार किलोमीटर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर निम्मा धागा "ही गाडी घेतलीच कशाला" यावर जाईल.

गेल्या महिन्यात ताम्हिणी उतरून श्रीवर्धनला गेलो होतो. तेव्हापासून ब्रेक दाबला की 'कुंई' असा आवाज येतो आणि ऐंशीच्या वेगात दाबला तर स्टिअरिंग थरथरतं. सर्व्हिस सेंटरला नेली. अर्ध्या तासात एस्टिमेट हातात: पुढचे पॅड (डिस्कला दाबून चाक थांबवतात ते), दोन्ही डिस्क, मागचे लायनर (ड्रमच्या आत तेच काम करणारे), मजुरी धरून १४,६०० रुपये. मी "विचार करून सांगतो" म्हणालो, तर ॲडव्हायझर म्हणतो, "सर, ब्रेकमध्ये कॉम्प्रमाइज नको." या वाक्यापुढे माणूस गप्पच होतो.

गल्लीतल्या मिस्त्रीने हेच सगळं बाहेरचे पार्ट घालून साडेसहा हजारांत सांगितलं. वडील म्हणतात ओरिजिनलच घाल. मेव्हणा म्हणतो, खोका बदलतो, आतला माल तोच असतो. दोघांचंही ऐकून डोकं फिरलंय. जाणकारांनी सांगावं.

फिरस्ता_भाऊ

ब्रेक आणि टायर यांत पैसे वाचवू नयेत. ओरिजिनल घाला आणि शांत झोपा.

सांडगी_मिरची

कूर्मराव, चाक काढून कुणी पाहिलंय का? की टायरच्या फटीतून बॅटरी मारून एस्टिमेट बनवलं? आधी तीन आकडे आणा:
पॅडची जाडी, चारही पॅडची वेगवेगळी, आतला आणि बाहेरचा.
डिस्कची जाडी, आणि डिस्कवर किंवा तिच्या टोपीवर कोरलेली किमान जाडी.
लायनर किती उरलाय.

पॅड ३ मिमीच्या खाली गेला असेल तर बदलायचा. डिस्क किमान आकड्याच्या वर असेल आणि तडे, खोल चरे नसतील तर ती का बदलायची ते त्यांनी सांगावं. हे आकडे नसताना 'ओरिजिनल की बाहेरचे' हा वाद म्हणजे कापड न मोजता शिंप्याशी शिलाईवरून भांडण.

कोथरूडचा_कूर्म

नाही पाहिलं. मला आतला आणि बाहेरचा असे दोन असतात हेच आत्ता कळलं. :)

नानापेठी

दुकान आमचं आहे, त्यामुळे मी पक्षपाती आहे हे आधीच सांगून टाकतो.

'ओरिजिनल' या शब्दाखाली काउंटरवर तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. एक, गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला पॅड. दोन, ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या स्वतःच्या खोक्यातला पॅड. गाडीच्या कंपन्या स्वतः पॅड बनवत नाहीत. ब्रेक्स इंडिया, राणे, अलाइड निप्पॉन अशी मंडळी गाडीवाल्यांनाही माल देतात आणि बाजारातही विकतात. तीन, ज्याला आम्ही सरळ 'लोकल' म्हणतो: खोक्यावर कुठलंतरी परदेशी वाटणारं नाव, आत काय आहे ते देवाला ठाऊक.

याशिवाय चौथी जात, डुप्लिकेट. ती पहिल्याचं सोंग घेते. म्हणजे 'मी ओरिजिनलच घेतो' म्हणणाराच सगळ्यात आधी फसतो, कारण नक्कल महाग खोक्याचीच होते. स्वस्त लोकलची नक्कल कोण कशाला करेल?

ओळखायचं कसं: खोक्यावरचा होलोग्राम किंवा कोड कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने तपासा. एमआरपीच्या लेबलवर पार्ट नंबर, महिना, वर्ष असतं का ते बघा आणि जुन्या पॅडशी तुलना करा. लोखंडी पाठीची धार साफ कापलेली हवी, डिस्कला घासणारा मसाला पाठीला सगळीकडून घट्ट चिकटलेला हवा, कडेला भेग नको. पक्कं बिल मागा. आणि काम झालं की रिकामा खोका फाडून टाका. आमच्याकडे रिकाम्या खोक्यांना चांगलं गिऱ्हाईक आहे, त्यांचं ते काय करत असतील याचा अंदाज तुम्हीच लावा.

चक्रमादित्य

म्हणजे मेव्हणा बरोबर. माल तोच, खोका वेगळा. मग गाडीच्या कंपनीच्या खोक्याला दुप्पट पैसे का?

घर्षणकाका

मेव्हणा अर्धा बरोबर. सत्तावीस वर्षं फ्रिक्शन मटेरियलमध्ये काढली, आता निवृत्त, त्यामुळे जरा लांबण लागेल.

एकाच कारखान्यातून दोन खोक्यांत माल जातो हे खरं. पण तो एकाच मसाल्याचा असेलच असं नाही. पॅडचा मसाला म्हणजे दहा-वीस घटकांची मिसळ: फिनॉलिक रेझिन, धागे, ग्रॅफाइट, बॅराइट, धातूची भुकटी, रबर. आणि काजू! हो, काजूच्या टरफलाच्या तेलापासून बनवलेली भुकटी. गरम झाल्यावर घर्षण एकदम बदलू नये, आवाज कमी यावा म्हणून ती घालतात. गाडीची कंपनी त्या मॉडेलसाठी एक मसाला मंजूर करते. पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल, एबीएस, आवाज, डिस्कची झीज, सगळं त्या मसाल्यावर बसवलेलं असतं. बाजारातल्या खोक्यात कारखाना तोच मसाला घालेल किंवा सात-आठ मॉडेलना चालेल असा दुसरा घालेल. दुसरा वाईट असतो असं नाही. तो वेगळा असतो.

काही पॅडच्या कडेला छापील कोड असतो, त्याच्या शेवटी दोन अक्षरं: एफएफ, जीएफ, ईई अशी. पहिलं अक्षर साध्या तापमानाचं घर्षण, दुसरं गरम झाल्यावरचं. 'ई' म्हणजे गुणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५, 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. लोक 'जी' बघून खूश होतात. पण या अक्षरांवरून पॅड किती टिकेल, किती ओरडेल, डिस्क किती खाईल यातलं काही कळत नाही. पहिलं अक्षर वरचं आणि दुसरं खालचं असेल तर मात्र सावध व्हा. तो पॅड गावात छान वाटेल आणि घाटात घात करेल.

घाटाचाच हिशोब करून बघा. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलात तर गाडी साधारण बाराशे-साडेबाराशे मीटर खाली येते. त्या उंचीची ऊर्जा म्हणजे तीच गाडी ताशी ८० वेगावरून पन्नासेक वेळा थांबवण्याइतकी. गाडी लहान असो की मोठी, हे 'पन्नास' बदलत नाही, वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटतं. यातला काही भाग हवा खाते, काही भाग तुम्ही खालच्या गिअरमध्ये असाल तर इंजिन खातं. न्यूट्रलमध्ये उतरलात तर जवळजवळ सगळा भार ब्रेकवर. नवले पुलाच्या उतारावर काय होतं ते पुणेकरांना सांगायला नको.

वेंगुर्लेकर

ह्यां माका म्हायत नव्हतां! टरफलाचं तेल आम्ही होडीला आणि घराच्या वाशांना लावायचो, वाळवी लागू नये म्हणून. हाताला लागलं की कातडी सोलवटते. तेच ब्रेकमध्ये?

घर्षणकाका

तेच, प्रक्रिया करून घट्ट केलेलं आणि दळलेलं. त्या अवस्थेत हाताला काही होत नाही. पुढच्या वेळी गोव्याला जाताना ब्रेक दाबाल तेव्हा काजूला धन्यवाद द्या.

चक्रमादित्य

अवांतर: म्हणजे फेणी आणि ब्रेक एकाच झाडाचे. आता "पिऊन गाडी चालवू नका"ला वनस्पतीशास्त्रीय बाजूही आली.

म्युनिकची_माहेरवाशीण

इकडचा अनुभव. युरोपात बदली पॅडला आर-९० नावाचा नियम आहे. बाहेरच्या पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्के इकडे-तिकडे, एवढ्याच मर्यादेत असावी लागते. २०१६ नंतर मान्यता मिळालेल्या मॉडेलांसाठी डिस्कनाही हे लागू झालं. पॅडच्या पाठीवर गोलात 'ई' आणि शेजारी देशाचा आकडा असतो, जर्मनीचा १. त्यामुळे इकडे कुणी 'ओरिजिनल की बाहेरचे' म्हणून रात्र जागवत नाही. आमच्या गाडीला दोन्ही वेळा बाहेरचेच घातले, डीलरच्या जवळजवळ निम्म्या किमतीत.

भारतात मिळणाऱ्या काही परदेशी ब्रँडच्या पॅडवरही हा शिक्का दिसतो. दिसला तर निदान कुणीतरी तो मोजलाय एवढी खात्री. (शिक्काही डुप्लिकेट छापता येतो हे नानापेठींनी आधीच सांगून घाबरवलंय.)

फिरस्ता_भाऊ

सगळं ठीक, पण बाहेरचा पॅड घातला की वॉरंटी गेली. हे विसरू नका.

वकिली_बाणा

गाडी २०१७ची आहे भाऊ, वॉरंटी कधीच स्वर्गवासी झाली. पण हा गैरसमज इतका पसरलाय की लिहायला हवं.

२५ ऑगस्ट २०१४ला भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. मूळ तक्रार एका ग्राहकाची: अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं बाहेरच्या गॅरेजना खुल्या बाजारात मिळत नाहीत. आयोगाने म्हटलं की सुट्या भागांच्या खरेदी किमतीवर चढवलेली वाढ बहुधा १०० टक्क्यांच्या वर आणि काही बाबतीत ५,००० टक्क्यांच्या आसपास होती. त्याच आदेशात असंही होतं की 'बाहेर काम केलं म्हणून वॉरंटी रद्द' अशी सरसकट अट कंपनीने घालू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जे नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारावी. दंडाचं पुढे अपिलात बरंच झालं, ते इथे लिहीत बसत नाही. तरी सर्व्हिस सेंटरात कुणी "सगळीच वॉरंटी जाईल" म्हणालं तर ते लेखी द्या म्हणायचं. लेखी देत नाहीत, अनुभव आहे.

ता.क. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सगळ्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे, आधी बऱ्याच भागांवर २८ होता. जुनं एमआरपी लेबल असेल तर विचारा.

कोथरूडचा_कूर्म
रविवार, दुपारी १.४०

मंडळी, आज मिस्त्रीकडे दोन्ही पुढची चाकं काढली, मागचा एक ड्रमही. आकडे आणलेत, मिरचीताईंच्या हुकुमावरून.

उजवीकडे: आतला पॅड ५ मिमी, बाहेरचा ५.
डावीकडे: बाहेरचा ६, आतला जेमतेम २!
डिस्कवर किमान १८ कोरलंय. व्हर्नियरने दोन्ही डिस्क १९.३च्या आसपास.
मागचा लायनर ४ मिमी. मिस्त्री म्हणतो "अजून पावसाळा सहज काढेल."

सर्व्हिस सेंटरवाले पॅड संपला म्हणाले ते खरंच होतं म्हणायचं. पण एकच, तोही एका बाजूचा. असं कसं?

सांडगी_मिरची

आता आलात मुद्द्यावर. :) डावा कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारा चिमटा, सरकत नाहीये. पिस्टन एकाच बाजूला असतो, तो आतल्या पॅडला दाबतो. मग अख्खा कॅलिपर दोन पिनांवर मागे सरकून बाहेरच्या पॅडला खेचतो. पिन गंजून अडकली की सगळं काम आतल्या पॅडवर येतं आणि ब्रेक सोडल्यावरही तो डिस्कला घासत राहतो. कुंई आवाज तोच असणार: बऱ्याच पॅडना एक पत्र्याची जीभ असते, मसाला संपत आला की ती डिस्कला टेकून ओरडते. म्हणजे तुमचा पॅड ओरडून सांगत होता, बिचारा.

तुम्ही जगातला सर्वात महागडा ओरिजिनल पॅड त्या पिनेवर बसवला असता तरी वर्षभरात पुन्हा हेच.

आणि व्हर्नियरचं: डिस्कच्या कडेला न झिजलेला ओठ राहतो. त्याच्यासकट मोजलं तर जाडी जास्त येते. मायक्रोमीटर नसेल तर डिस्कच्या दोन्ही बाजूंना ओठाच्या आत एकेक रुपयाचं नाणं धरा, त्यांच्यासकट मोजा, मग नाण्यांची जाडी वजा करा.

कोथरूडचा_कूर्म

केलं. मिस्त्री माझ्याकडे 'हा माणूस नाण्यांनी ओवाळतोय का' अशा नजरेने बघत होता. १८.८ आली, दोन्हीकडे.

घर्षणकाका

चालेल. अजून एक जोडी पॅड निघतील, पण लेथवर घासायला देऊ नका. फेसिंगमध्ये उरलेलं सगळं जाईल आणि १८च्या खाली गेली की डिस्क लवकर तापते.

थरथरीबद्दल लोक पटकन 'डिस्क वाकडी झाली' म्हणतात. बहुतेकदा वाकडी नसते. एकतर घासणाऱ्या पॅडमुळे जाडी जागोजागी कमी-जास्त झालेली असते, किंवा मसाल्याचा थर डाग पडावा तसा चिकटलेला असतो. किंवा हबवर, म्हणजे डिस्क बसते त्या भागावर, गंज साठून डिस्क तिरकी बसलेली असते. डिस्क उतरवून हबचा चेहरा तारेच्या ब्रशने लखलखीत करायला सांगा. आणि चाकाचे नट हवेच्या गनने एका दमात आवळू देऊ नका. हाताने, आडव्या-तिडव्या क्रमाने, शेवटी टॉर्क पान्याने (मोजून आवळता येतं तो).

हवेच्या नळीने धूळ उडवू देऊ नका. लोकल मालात ॲस्बेस्टॉस नसेलच याची हमी नाही. ओल्या फडक्याने पुसायची.

नानापेठी

पिना आणि त्यांचे रबरी बूट किटमध्ये मिळतात, हे मात्र कंपनीचंच घ्या. हे माझं गिऱ्हाईक तोडून सांगतोय. पॅडमध्ये चांगल्या कारखान्याचा बाहेरचा माल बिनधास्त विकतो, पण रबर, सील, व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर यांत मी स्वतःच्या गाडीला लोकल लावत नाही. पॅड वाईट निघाला तर ओरडतो, धूर काढतो, कळवतो तरी. सील न कळवता जातं.

पिनेला साधं चॅसिस ग्रीस लावू देऊ नका, रबर फुगतं आणि पिन पुन्हा जाम. ब्रेकचं सिलिकोन ग्रीस वेगळं येतं, छोट्या पुडीत.

आंबेनळी_डेली

आमची टुरिस्ट गाडी आहे, वाई-महाबळेश्वर-प्रतापगड. या धाग्यात ब्रेक ऑइलबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. दोन वर्षांपूर्वी उतरताना माझं पेडल पार खाली गेलं. पॅड नवे होते, तेही ओरिजिनल. ऑइल पाच वर्षांचं. हॅन्डब्रेक आणि पहिल्या गिअरवर कशीबशी डोंगराच्या बाजूला घातली. मागे सहा प्रवासी.

घर्षणकाका

हे माझ्याकडून राहिलं, फार मोठी चूक. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ३ (ऑइलचा एक दर्जा) ताजं असताना २०५ अंशांना उकळतं, ओलावलं की मानकाप्रमाणे १४० पर्यंत उतरू शकतं. डॉट ४ ताजं २३०, ओलं १५५. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, पेडल तळाला जातं. पॅड तापून घर्षण गेलं तर पेडल कडक राहतं पण गाडी थांबत नाही. पेडल मऊ की कडक, यावरून दोष कुठला ते तिथल्या तिथे कळतं.

कूर्मराव, तुमचं ऑइल कधी बदललंय?

कोथरूडचा_कूर्म

सर्व्हिस बुकात शोधलं. कधीच नाही. नऊ वर्षांत कुणी विचारलंही नाही. १४,६००च्या एस्टिमेटमध्येही ते नव्हतं!

सांडगी_मिरची

🙏

कोथरूडचा_कूर्म
पुढचा रविवार, सकाळी ११.०५

काय केलं ते लिहितो, म्हणजे धागा लटकत राहणार नाही.

पॅड कंपनीचेच घेतले, पण सर्व्हिस सेंटरमध्ये न बसवता पार्ट काउंटरवरून, २,२०० रुपये. नानापेठींनी सांगितलेल्या प्रकारचे बाहेरचे १,४०० ला मिळत होते. आठशेच्या फरकासाठी वडिलांशी वर्षभर वाद नको म्हणून हे. तांत्रिक कारण शून्य. पिनांचं किट कंपनीचं, ब्रेक ऑइल बाटलीवर डॉट ४ लिहिलेलं. गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर तेच कोरलंय, आधी कधी वाचलंच नव्हतं. जुनं ऑइल काळ्या चहासारखं निघालं. डावी वरची पिन हातोडीशिवाय हलेना. डिस्क काढून हब घासला, त्याच डिस्क परत बसवल्या. लायनरना हात लावला नाही. मजुरीसकट सगळं मिळून ४,३५० रुपये.

पिस्टन मागे ढकलताना टाकीतून थोडं ऑइल बोनेटच्या कडेला सांडलं आणि मिस्त्रीने लगेच पाणी मारलं. रंग खातं म्हणे. कुणी करणार असेल तर आधी फडकं गुंडाळा.

नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून, काकांनी व्यनित (व्यक्तिगत निरोपात) सांगितल्याप्रमाणे, पहाटे चांदणी चौकाच्या पुढे रिकाम्या रस्त्यावर साठवरून वीसपर्यंत दहा-बारा वेळा हळूहळू वेग कमी केला, मध्ये मध्ये गार होऊ दिलं, पूर्ण थांबलो नाही. थोडा जळका वास आला, मग गेला. थरथर रुपयातली बारा आणे गेली. चार आणे उरलीय, ती ऐंशीच्या वर. आवाज बंद.

वडिलांना 'ओरिजिनल पॅड घातले' एवढंच सांगितलंय. डिस्कचं त्यांनी विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.

घर्षणकाका

उरलेली चार आणे पाचशे किलोमीटर चालवून बघा. नाही गेली तर डायल गेज (डिस्क किती डुलते ते मोजणारं) लावून डिस्क फिरवून बघायची. तेव्हा डिस्क बदलावी लागली तर दोन्ही बदला, एक नाही.

उपनगरी_प्रवासी

सगळा धागा एका बैठकीत वाचला. कूर्मराव, मिस्त्रीचा नंबर व्यनि कराल का? माझी गाडी उजवीकडे ओढते. पॅड ओरिजिनल घालावेत की बाहेरचे?

सांडगी_मिरची

ओढते कधी? ब्रेक दाबल्यावर, की नुसती चालतानाही? आणि चाक काढून पाहिलंय का?